खांबांचे प्रोजेक्ट कसे लावायचे, कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या ऑफिसात दोन जातींचे विजेचे खांब येतात. सकाळी अमेरिकेतले लाकडी, दुपारनंतर इथले सिमेंटचे आणि लोखंडी. खांब स्वतः येत नाहीत अर्थात. येतात त्यांची मापं, फोटो आणि एकच प्रश्न: अजून एक केबल टांगली तर हा वाऱ्यात उभा राहील का? उत्तराची आकडेमोड सॉफ्टवेअर करतं. आपल्या वाट्याला उरतं ते सगळं नीट लावून ठेवणं, आणि घोटाळे बहुतेक तिथेच होतात. नवीन आलेली मुलंमुली पहिल्या महिन्यात जे विचारतात ते खाली त्यांच्याच शब्दांत दिलं आहे.

प्रोजेक्ट म्हणजे नक्की काय? एक फाइल की अख्खा फोल्डर?

कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बसला आहात त्यावर आहे. स्पायडाकॅल्कमध्ये प्रोजेक्ट ही एक फाइल, आणि तिच्या पोटात उतरत्या पायऱ्या: प्रोजेक्टखाली लीड (खांबांचा एक गट), लीडखाली लोकेशन, लोकेशनखाली डिझाइन. लोकेशन म्हणजे जमिनीवरची जागा, जिथे खांब रोवला आहे. डिझाइन म्हणजे त्या जागेवरच्या खांबाचं एक रूप. आज आहे तसं, किंवा उद्या करायचं तसं. ही जागा आणि रूप यांची फारकत डोक्यात बसली की निम्मं सॉफ्टवेअर समजलं.

ओ-कॅल्क प्रोचा संसार वेगळा. तिथे प्रत्येक खांबाची स्वतःची फाइल असते, त्यामुळे प्रोजेक्ट म्हणजे तुम्ही विंडोजमध्ये केलेला फोल्डर, बस. सॉफ्टवेअर तुम्हाला शिस्त लावत नाही, तुम्हीच लावायची. पीएलएस-कॅडमध्ये तर खांब दुय्यम आणि वाहिनी मुख्य. जमिनीचे चढउतार, तारा, खांबांचे साचे सगळं मिळून एक मॉडेल होतं, आणि एकेका खांबाची ताकद पीएलएस-पोलमध्ये तपासली जाते. या मॉडेलला खूप फाइली चिकटलेल्या असतात. त्यातली एकच उचलून मेल केली की समोरच्याकडे ती उघडते आणि 'खांबाची फाइल सापडत नाही' म्हणून रडते. पाठवायचं तेव्हा सॉफ्टवेअरच्या आतूनच बॅकअप काढा. सगळं एका गाठोड्यात बांधून मिळतं.

लीड कशावरून पाडायचे? सर्व्हेच्या तारखेवरून पाडले तर चालेल का?

चालेल, पण पंधरा दिवसांनी स्वतःलाच शिव्या द्याल.

तारखेचा मोह मी समजू शकतो. सर्व्हेवाला सोमवारी सातपूरला जाऊन तीस खांब करतो, मंगळवारी पाऊस लागतो, बुधवारी उरलेले करतो. फाइली तारखेने येतात, म्हणून लीडही तारखेने. पण तार तारीख पाळत नाही. सोमवारचा शेवटचा खांब आणि बुधवारचा पहिला खांब एकाच गाळ्याची (दोन खांबांमधल्या तारेच्या टप्प्याची) दोन टोकं असतात. त्यातल्या एकाची तार बदलली तर दुसऱ्याचा हिशोबही बदलतो. ते दोन वेगळ्या लीडमध्ये पडले की तपासणाऱ्याला ते शेजारी आहेत हेच दिसत नाही.

म्हणून लीड वाहिनीच्या वाटेने पाडा. उपकेंद्राकडून निघा, मुख्य ओळ संपेपर्यंत चाला, तो एक लीड. मधून जी शाखा फुटते तिचा दुसरा. जिथे शाखा फुटते तो खांब मुख्य ओळीच्या लीडमध्ये राहील, शाखेच्या लीडमध्ये त्याची नुसती नोंद राहील. एकच खांब दोन ठिकाणी काढायचा नाही. काढला की दोन्ही ठिकाणी वेगवेगळी टक्केवारी (खांबाच्या ताकदीचा किती भाग भाराने खाल्ला ती) येते, आणि दोन्ही खऱ्या वाटतात.

रस्त्याच्या नावावरून लीड पाडण्याची पद्धतही काही जण वापरतात. शहरात ती बरी पडते. दिंडोरी-निफाडकडे नाही, तिथे वाहिनी रस्ता सोडून द्राक्षबागेतून जाते आणि तीन शेतं ओलांडून पुन्हा रस्त्याला लागते.

एका प्रोजेक्टमध्ये किती खांब ठेवायचे?

सॉफ्टवेअरला विचाराल तर ते शेकडो घेईल. आमचा नियम तपासणाऱ्यावरून ठरला आहे: एका माणसाने एका बैठकीत, चहा धरून, लक्ष न उडता जेवढे खांब पाहता येतात तेवढे. आमच्याकडे तो आकडा चाळीस ते पन्नास निघाला. तुमचा वेगळा निघेल.

नावं कशी द्यायची?

या एका प्रश्नावर मी तासभर बोलू शकतो, आणि ऑफिसातले लोक सांगतील की बोलतो.

आधी खांबाचा नंबर आणि आपला क्रमांक वेगळे ठेवा. खांबाचा नंबर कंपनीचा असतो, तो आपण बदलायचा नाही, सुधारायचाही नाही. खांबावर चुकीचा रंगवला असेल तर चुकीचाच लिहा आणि शेऱ्यात तसं म्हणा. आपला क्रमांक फक्त ओळीतली जागा सांगतो. तो ००१, ००२ असा शून्य लावून द्या. नाहीतर काही यादीत १ नंतर १०, ११, १२ येतात आणि २ कुठेतरी वीसच्या आधी उगवतो. तारीख टाकायची तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. फाइलच्या नावात तिरपी रेघ, टिंबं आणि मोकळी जागा टाळा.

आणि 'फायनल' हा शब्द आमच्याकडे बंद आहे. एकदा एका फोल्डरमध्ये फायनल, फायनल-नवीन, फायनल-नवीन-२ आणि फायनल-सरांनी-बघितलं अशा चार फाइली सापडल्या. सरांनी बघितलेली तिसरी होती. आता आवृत्तीला नुसता आकडा देतो.

इथल्या खांबांची एक अडचण आहे. नंबर रंगाने लिहिलेला असतो, आणि त्यावर कोणीतरी क्लासची जाहिरात किंवा वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या असतात. अशा वेळी डीपीपासून मोजत यायचं आणि 'नंबर झाकलेला, डीपीपासून पश्चिमेला सातवा' असं लिहायचं. वायरमन काकांना विचारलं तर नंबर तोंडपाठ असतो, फक्त ते खांबाला नंबरने कमी आणि 'पाटलांच्या विहिरीजवळचा' अशा नावाने जास्त ओळखतात. तेही शेऱ्यात लिहा. पुढच्या वेळी जाणाऱ्याला कोऑर्डिनेटपेक्षा विहीर लवकर सापडते.

अमेरिकेतल्या लाकडी खांबावर बनवतानाच डागलेली खूण असते: कारखाना, साल, लाकडाची जात, वर्ग आणि लांबी. एएनएसआय ओ५.१ या मानकाप्रमाणे ५० फुटांपर्यंतच्या खांबावर ती बुडापासून १० फुटांवर असते, त्याहून लांब खांबावर १४ फुटांवर. ४० फुटी खांब साधारणपणे ६ फूट गाडतात, लांबीचा दहावा भाग अधिक २ फूट. म्हणजे खूण जमिनीपासून ४ फुटांवर, कमरेच्या जरा वर दिसली पाहिजे. फोटोत ती गुडघ्याशी दिसली तर खांब जास्त खोल गेला आहे किंवा भोवती भराव पडला आहे, आणि छातीच्या वर दिसली तर कमी गाडला आहे. नावाच्या रकान्यात '४०-४' लिहिण्याआधी ही खूण वाचा. पहिला आकडा फुटांत लांबी, दुसरा वर्ग. आकडा लहान तितका खांब दणकट: वर्ग ४ साठी टोकापासून २ फूट खाली आडवा २४०० पौंड भार धरलेला आहे, वर्ग १ साठी ४५००.

मोजलेली डिझाइन आणि सुचवलेली डिझाइन वेगळी का ठेवायची? एकातच दुरुस्ती केली तर वेळ वाचतो.

वाचतो, मान्य. पण ऐका.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मीच हे केलं होतं. एक कोपऱ्यावरचा खांब नापास येत होता. मोजलेल्या डिझाइनमध्ये मी एक स्टे (खांबाला जमिनीशी ताणून धरणारी तार) टाकून पाहिला, खांब पास झाला, मी खूश होऊन सेव्ह केलं आणि जेवायला गेलो. चार दिवसांनी अहवाल गेला. त्यात तो खांब 'सध्या पास' होता, कारण माझ्या कल्पनेतला स्टे तिथे आधीपासून उभा होता. काम करायला गेलेल्या माणसाने फोनवर विचारलं, 'स्टे कुठंय?' जमिनीवर स्टे नव्हताच. सुदैवाने विचारणारा सावध होता, म्हणून गोष्ट फोनवरच मिटली.

तेव्हापासून नियम असा की मोजलेली डिझाइन म्हणजे पंचनामा. जे दिसलं ते लिहायचं. वाकडं असेल तर वाकडं, गंजलं असेल तर गंजलं. सर्व्हेचं माप चुकलं हे फोटोवरून सिद्ध झालं तरच तिला हात लावायचा आणि शेऱ्यात कारण लिहायचं. बाकी सगळे प्रयोग तिची नक्कल करून सुचवलेल्या डिझाइनमध्ये. एका खांबाला दोन पर्याय असतील, म्हणजे स्टे टाकणं किंवा खांबच बदलणं, तर दोन नकला. ओ-कॅल्कमध्ये हीच शिस्त फाइलच्या नावाने पाळावी लागते: त्याच नंबरची एक 'आहे' फाइल, एक 'करायचं' फाइल. 'आहे' फाइलींचा फोल्डर आम्ही फक्त-वाचनीय करून टाकतो. मुलं कुरकुरतात, करू देत.

नकाशात खांब दिसतच नाही. फाइल बिघडली का?

फाइल ठीक असते. खांब दुसरीकडे गेलेला असतो.

नाशिक अंदाजे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७३.८ अंश पूर्व रेखांशावर आहे. दोन रकाने अदलाबदल झाले की सातपूरचा खांब नॉर्वेच्याही उत्तरेला, थंड समुद्रात जाऊन उभा राहतो. अमेरिकेच्या कामात रेखांशाच्या आधीचं वजा चिन्ह गळलं की तसाच गोंधळ: ४० उत्तर, ८३ पश्चिम म्हणजे ओहायो राज्य, वजा विसरलात तर चीनच्या तकलामकान वाळवंटात उतराल.

तिसरी चूक जास्त लबाड आहे. मीटरमधले कोऑर्डिनेट वापरताना यूटीएमचा विभाग, म्हणजे सहा-सहा अंश रेखांशांचा कुठला पट्टा ते, सांगावा लागतो. ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला भाग विभाग ४३ मध्ये येतो, म्हणजे नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगरची बाजू. नागपूर ४४ मध्ये. विदर्भातल्या कामाचा साचा उचलून नाशिकचे खांब भरले की सगळी वाहिनी सहा अंश पूर्वेला सरकते आणि थेट गडचिरोलीकडे निघते. खांबांचं आपसातलं अंतर बरोबर राहतं, आकडेमोडही बरोबर येते, म्हणून ही चूक नकाशा उघडेपर्यंत कळत नाही. नवा प्रोजेक्ट उघडला की पहिले दोन खांब टाकून लगेच उपग्रहाच्या चित्रावर पाहायचे. सावलीसकट खांब दिसला की पुढे.

इतक्या खांबांत हवा तो खांब पटकन कसा गाठायचा?

यादीत नंबर टाकून शोधा. नंबर माहीत नसेल तर नकाशातून शिरा. दोन्ही जमत नसेल तर फोटोंच्या वेळेवरून शोधा. सर्व्हेवाला एका दिशेने चालत असतो.

लोड केस आणि क्लायंट फाइल यांना हात लावायचा का?

नाही. पण त्यात काय आहे हे माहीत हवं, कारण चुकीच्या क्लायंट फाइलवर केलेला प्रोजेक्ट म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने वाचलेलं पत्र.

स्पायडाकॅल्कमध्ये क्लायंट फाइलीत त्या कंपनीचे खांब, तारा, इन्सुलेटर, क्रॉस आर्म आणि लोड केस (वारा, बर्फ, तापमान किती धरायचं ते) भरलेले असतात. अमेरिकेत मुख्य आधार नॅशनल इलेक्ट्रिकल सेफ्टी कोडचा, म्हणजे एनईएससीचा. सध्याची आवृत्ती २०२३ ची, त्याआधीची २०१७ ची. त्यात देशाचे हवामानानुसार भाग आहेत. जड भागात तारेभोवती अर्धा इंच बर्फ, वर चौरस फुटाला ४ पौंड वारा आणि शून्य अंश फॅरेनहाइट तापमान धरतात. मध्यम भागात पाव इंच बर्फ, वारा तेवढाच. हलक्या भागात बर्फ नाही, पण वारा ९ पौंड. शिवाय बांधणीचा दर्जा बी की सी, हे वेगळं. कॅलिफोर्नियाचा स्वतःचा नियम आहे, जीओ ९५. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर आवृत्ती, भाग आणि दर्जा हे तीन शब्द नसतील तर ते काम आम्ही उघडत नाही.

इथलं गणित निराळं. निफाडला थंडीत द्राक्षबागायतदारांची झोप उडते हे खरं, पण तारेवर अर्धा इंच बर्फ चढल्याचं कोणी ऐकलेलं नाही. आपल्याकडे भार वाऱ्याचा आणि तारेच्या ओढीचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबई आणि नागपूरला ४४. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ३९ घेतले तर चौरस मीटरला साधारण ९१३ न्यूटन, ४४ घेतले तर ११६२. उंची, भूभाग आणि आकाराचे गुणक त्यावर वेगळे. म्हणजे मुंबईचा साचा नाशिकला लावला तर भार पाव पटीने जास्त येतो आणि चांगले खांब उगाच नापास होतात. उलट केलं तर काय होईल ते सांगायला नको.

प्रोग्राममध्ये ७० टक्के हिरवा दिसतोय. पास ना?

कुठला ७० टक्के?

एनईएससीच्या पद्धतीत भार वाढवणारे आणि ताकद कमी करणारे गुणक आधीच आत घातलेले असतात, म्हणून तिथे सीमा १०० टक्क्यांची. आपल्याकडे सुरक्षा गुणांक बोलतात, म्हणजे ताकद भाराच्या किती पट ते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत धातूच्या खांबाला १.५, यंत्रावर घडवलेल्या काँक्रीटच्या खांबाला २, हाताने ओतलेल्याला २.५ आणि लाकडाला ३ असा किमान गुणांक होता. नंतर २०२३ मध्ये नवे नियम आले. कुठल्या वर्षाच्या नियमांवर काम केलं ती प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा, 'नेटवर मिळते' म्हणून सोडू नका.

आता हिशोब करा. गुणक न घालता नुसती अंतिम ताकद धरून ७० टक्के आले, तर गुणांक निघतो १.४३. पीएससी (प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या) खांबाला हवा २, म्हणजे सीमा ५० टक्क्यांची. लोखंडी खांबाची सीमाही ६६.७. दोघेही नापास, आणि पडद्यावर मात्र छान हिरवं. रंग सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगचा असतो. साचा बनवतानाच सीमा बदलून ठेवा.

नाशिककराला मी हे दुतोंड्या मारुतीवरून सांगतो. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला की कमरेला, यावरून सगळं शहर पुराचा अंदाज घेतं. ते जमतं कारण मूर्ती जागची हलत नाही. तुमची सीमाच प्रोजेक्टगणिक वरखाली होत असेल तर ७० म्हणजे गुडघा की गळा, कोण सांगणार?

शेजारचा खांब माझ्या कामात नाही. तरी त्याची नोंद का?

कारण तार दोघांनाही ओढते. एकेक खांब स्वतंत्र तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला शेजारी काय चाललंय हे आपोआप कळत नाही. तुम्ही या टोकाला ओढ ४०० किलो लिहिली आणि पलीकडच्या फाइलीत कोणी ३०० लिहिली, तर दोन्ही फाइली तक्रार न करता चालतील. तार मात्र एकच आहे, आणि सरळ गाळ्यात तिच्या दोन्ही टोकांची ओढ जवळपास सारखीच असणार.

वळणावर हे फार महागात पडतं. ओढ टी धरा. वाहिनी जितक्या अंशांनी वळते त्याच्या निम्म्या कोनाची साइन घेऊन २टी ने गुणा, तेवढा आडवा जोर खांबावर येतो. समजा ११ केव्हीची वाहिनी, रॅबिट जातीच्या तीन तारा, प्रत्येकी ४०० किलो ओढ. ३० अंशांचं वळण असेल तर जोर सुमारे ६२० किलो. ६० अंशांचं असेल तर पूर्ण १२०० किलो. समोर उभा आहे २०० किलो जोर पेलणारा पीएससी खांब. तो स्टेशिवाय हे पेलणार नाही, हे वायरमन काका आकडेमोड न करता सांगतात. आपण सर्व्हेत स्टेचा फोटो घ्यायला विसरलो तर सॉफ्टवेअर खांबाला तीनशे टक्क्यांच्या वर नेऊन ठेवतं. अहवालात असा आकडा दिसला की खांबावर शंका घेण्याआधी फोटो पाहा.

कामाबाहेरच्या शेजाऱ्याचं लोकेशन नुसतं टाका: नंबर, अंतर, दिशा, तार कुठे बांधली ती उंची. डिझाइन रिकामी राहिली तरी चालेल. नावाला 'संदर्भ' जोडा म्हणजे मोजणीत येणार नाही.

फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले तर?

व्हॉट्सअॅप फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबून बारीक करतं आणि त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. खांबाशेजारी धरलेल्या मापाच्या पट्टीवरचे आकडे पुसट होतात. ड्राइव्हवर टाका, किंवा निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा. प्रत्येक खांबाला बुडापासून टोकापर्यंतचा पट्टीसकट एक, दोन्ही बाजूंच्या गाळ्यांचे दोन, नंबराचा एक, बुडाचा एक. फोटो त्या त्या लोकेशनला जोडून ठेवा. वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेला फोटो महिन्याभराने अनाथ होतो.

फूट-इंच लिहिताना नेहमी गडबड होते.

सगळ्यांची होते. १२ फूट ११ इंच म्हणजे १२.११ नव्हे, १२.९२. ही चूक जवळपास दहा इंचांची. अमेरिकेत वीज आणि फोन-केबलच्या सामानात साधारण ४० इंचांची मोकळी जागा लागते, म्हणजे तुम्ही एका टिंबाने तिचा चौथा हिस्सा खाल्लात. सर्व्हेच्या कागदावर सगळं इंचांत लिहा, रूपांतर प्रोग्रामवर सोडा. आणि इथल्या कामाला प्रोजेक्ट उघडतानाच मेट्रिक निवडा.

दोघांनी एकाच प्रोजेक्टवर एकदम काम केलं तर?

जो नंतर सेव्ह करेल त्याचं राहील, दुसऱ्याची दुपार गेली. लीड वाटून घ्या, वेगळ्या नकलांत काम करा, संध्याकाळी एकाच माणसाने जोडा. कोण जोडणार हे सकाळीच ठरवा.

सिंहस्थाच्या कामातले तात्पुरते खांब वेगळे ठेवायचे का?

हो, वेगळ्या लीडमध्ये, आणि नावातच 'तात्पुरता'. तपोवनात साधुग्राम उभं राहतं तेव्हा काही महिन्यांसाठी वाहिन्या टाकतात, मग काढतात. मागचा सिंहस्थ २०१५ चा, पुढचा २०२७ चा. मध्ये बारा वर्षं जातात आणि तेवढ्यात ऑफिसातली माणसं बदलतात. तात्पुरता खांब कायमच्या यादीत मिसळला की कोणीतरी भर उन्हात नसलेला खांब शोधत फिरतं. काढल्याची तारीख लिहा, लोकेशन पुसू नका. तात्पुरता आहे म्हणून वारा त्याला सवलत देत नाही, तेव्हा तपासणी मात्र पूर्ण.

माती कुठे लिहायची?

लोकेशनच्या शेऱ्यात, दोन शब्दांत: काळी, मुरमाड, खडक, भराव. ९ मीटरचा खांब दीड मीटर गाडतात, लांबीचा सहावा भाग. पण निफाडकडच्या काळ्या मातीतला दीड मीटर आणि त्र्यंबककडच्या खडकातला दीड मीटर एक नव्हेत. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खांब कलतो. कललेला दिसला तर किती आणि कुठल्या दिशेला, तेही त्याच ओळीत.

तपासायला देण्याआधी शेवटचं काय पाहू?

सगळ्या खांबांची आकडेमोड पुन्हा चालवा. डिझाइन बदलल्यावर जुना निकाल तसाच पडून राहिलेला असू शकतो. मग यादी टक्केवारीने लावा आणि दोन्ही टोकं पाहा. वरची सगळेच पाहतात. खालची कोणी पाहत नाही. ३ टक्क्यांचा खांब म्हणजे बहुतेक वेळा तारा जोडायच्याच राहिल्या आहेत. ९९.६ वाला पास आणि १००.४ वाला नापास, हे कागदावर खरं असलं तरी त्या दोघांची मापं पुन्हा बघितल्याशिवाय मी सही करत नाही.

सर्व्हर भरला आहे. २०१५ चे जुने फोटो उडवू का?

अजिबात नाही. मागच्याच महिन्यात पंचवटीतल्या एका खांबाचं बूड आधीपासून खचलेलं होतं की नव्याने खचलं, असा वाद निघाला होता. तो मिटला तो त्याच फोल्डरमधल्या एका फोटोने, आणि फोल्डर दोन मिनिटांत सापडला कारण कोणीतरी तेव्हा वर्ष आधी लिहिलं होतं. नवी हार्ड डिस्क घेऊन या. पावती माझ्या टेबलावर ठेवा.